काळोखाचा भाडेकरू

वीज गेली की आमची आख्खी आळी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एकच माणूस गच्चीच्या कठड्याशी येतो, विजेच्या खांबाला हात जोडतो आणि म्हणतो, "मोठे उपकार झाले. आता घाई करू नको." आणि दिवे परत आले की त्याचं तोंड असं होतं, जसं काय भरल्या ताटावरनं कोणी हाताला धरून उठवलं.

हा मधुकर धनावडे. माझ्या घराच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. आळीतली माणसं त्याला काळोख्या म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो ओ देतो.

माझं घर पेणात, पण पार कडेला, खाडीकडच्या अंगाला. पुढे भातखाचरं, त्यापुढे मिठागरं. जन्मभर मी मिठागरात मीठ ओढलं, खाऱ्या पाण्यात पाय टिकेनासे झाले तेव्हा थांबलो. मधुकर मूळचा रोह्याकडचा, शेतकऱ्याघरचा. धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. म्हणजे भट्टी किती तापली, पाइपात दाब किती, हे दाखवणारी घड्याळं दुरुस्त करायची. आता तुम्ही म्हणाल, नोकरी रोह्याकडे आणि बिऱ्हाड पेणला, हा माणूस रोज यष्टीत हाडं का खिळखिळी करून घेतो? मी पहिल्याच दिवशी हेच विचारलं. तो म्हणाला, "तात्या, रोह्याला रात्र होत नाय."

कारखान्यांच्या दिव्यांनी तिथलं आभाळ पाणी घातलेल्या ताकासारखं होतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो काळोख शोधत गावोगाव हिंडत होता. खोली बघायला आला तेव्हा नळाला पाणी कधी येतं ते विचारलं नाही, संडास बघितला नाही. गच्चीवर चढला, गोल फिरला आणि म्हणाला, "उत्तरेला कोणाचा दिवा लागतो?" मी म्हटलं, उत्तरेला माझं परसू, त्यापलीकडे कोल्हे. त्याने तिथल्या तिथे खोली घेतली. हिरा, म्हणजे माझी बायको, दाराआडून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "काळोख विचारत आलाय. चोर तरी आसंल नायतर मांत्रिक."

महिन्याभरात तिचं मत बदललं. वरच्या खोलीत त्याची एक चटई, एक स्टोव्ह आणि बाकी सगळी काच, पत्रा, पाइप, तारा. बायको नाही, पोर नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "राहून गेलं." आपण बाजारातनं कोथिंबीर आणायची राहून गेली म्हणतो ना, तसं.

आणि त्याचं नशीब बघा. तो पेणला स्थिरावतोय तोवर डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. आळीतल्या पोरांना कामं लागली, घरोघरी रंगीत टीव्ही आले, आणि पश्चिमेचं आभाळ संध्याकाळ सरली तरी तांबडंच राहायला लागलं. धाटावच्या आगीतून उठून मधुकर डोलवीच्या फुफाट्यात पडला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी खाली येऊन मला म्हणाला, "पश्चिम सोडली, तात्या. उत्तर आपली." भावकीत जमिनीची वाटणी केल्यासारखं.

उरलेलं आभाळ राखायला मग त्याने आळीशी लढाई मांडली. रस्त्याच्या दिव्यावर तेलाचा रिकामा डबा बांबूने चढवून ठेवला. समोर गणपतीचा कारखाना आहे, तिथे हंगामात मोठमोठे दिवे जळतात. त्याने रविवारच्या रविवार बसून प्रत्येक दिव्याला पत्र्याचं टोपण कापून दिलं. म्हणायचा, "दिवा खाली पाडा ना. वर कोण बसलाय मूर्ती बघायला?" कारखान्याचा मालक म्हणाला, "वर देव बसलाय." मधुकर म्हणाला, "त्याला दिवा लागत नाय." घरोघरी अशी टोपणं बसली. माझी विडीसुद्धा त्याने गच्चीवरून खाली उतरवली. विडीच्या टोकाकडे तो असा बघायचा, जशी काय मी गंजी पेटवलीय.

दुर्बीण त्याने स्वतः केली. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकीवर ठेवून घासायच्या आणि घासता घासता रिकाम्या पिंपाभोवती फेऱ्या मारायच्या. आख्खा पावसाळा घासत होता. हिरा म्हणायची, "घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो." शेवटी एक काच बशीसारखी खोलगट झाली, तिला आरशासारखा मुलामा चढला आणि ती एका मोठ्या पाइपाच्या तळाशी बसली. आळीने तिचं नाव ठेवलं तोफ. सगळी आळी शिडी चढून गेली. शनीची कडी बघून गणपती कारखान्यातला रंगारी म्हणाला, "आत चिकटवलंय." मधुकरने त्याला पाइपात हात घालून चाचपून बघायला लावलं. त्या हाताचा रंग पाइपातनं पुसायला मधुकरला पुढे आठवडा लागला.

हिराला मात्र वर येता येईना. शिडी बांबूची, तिचे गुडघे गेलेले. डोळेही गेलेलेच. भर उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून मिठागरातल्या बायकांचे डोळे लवकर जातात. आभाळात तिला चंद्र तेवढा दिसायचा, तोही पिंजलेल्या कापसासारखा. मग मधुकर शिडी उतरला की ती शेवटच्या पायरीपाशी उभी असायची.

"काय रे, आज काय दिसलं?"

आणि तो त्या पायरीवरच उभा राहून सांगायचा, हातवारे करून. एकदा गुरूचे चार चंद्र सांगितले. हिरा म्हणाली, "मंग त्यांची अमावस्या कवा?" मधुकर पायरीवर बसला. कंपनीत कोणी त्याला इतका नीट प्रश्न विचारला नसावा. दुसऱ्या दिवशी कागदावर आकडेमोड करून उत्तर घेऊन आला, तर ही म्हणाली, "आसू दे रे, मी आपली उपासासाठी विचारत व्हते."

एकदा तिने त्याला आमच्या लग्नाची गोष्ट सांगितली. लग्न वैशाखातलं. धवलारणीने लग्न लावायची गाणी म्हटली, सगळं यथासांग झालं, आणि शेवटी भटजींनी आम्हाला अंगणात नेऊन वर बोट केलं. ते सप्तर्षी. शेपटीकडून दुसरा तो वसिष्ठ, आणि त्याच्या बाजूला बारीक आहे ती त्याची बायको अरुंधती. जोडीने बघा, म्हणजे संसार तसा होईल. आभाळ गच्च मळभलेलं. भटजींना शेवटची गाडी गाठायची होती. ते म्हणाले, दिसली म्हणा. आम्ही म्हटलं, दिसली.

पुढे मीठ ओढता ओढता वर बघायला फुरसत कोणाला? आणि फुरसत आली तोवर हिचे डोळे गेले. पण ते न दिसणं तिने हत्यार करून ठेवलं होतं. भांडण झालं की म्हणायची, "मी अरुंधती बघितलीच नाय. माझं लगीन कच्चं हाय. वाटेल तवा उठून माहेरी जाईन." माहेरी कोणी उरलं नव्हतं तरी म्हणायची.

मधुकर ही गोष्ट ऐकून हसला नाही. म्हणाला, "काकी, अरुंधती मी तुला खाली आणून दाखवतो. पडवीत."

"आण," हिरा म्हणाली. "पण एकटीला नको आणू. दोघांना एका जागी आण, जोडीनं. नायतर तिचं पण लगीन कच्चं."

झालं. त्या शब्दाला तो बांधला गेला.

पडवीत आणायची म्हणजे कॅमेरा पाहिजे, आणि तोही फिल्मचा नाही. दुर्बिणीला लावायचा, संगणकाला जोडायचा, म्हणजे वरचं चित्र खाली पडद्यावर मोठं होऊन येणार आणि हिराच्या डोळ्यांना दिसणार. असला कॅमेरा तेव्हा दुकानात मागितला असता तर दुकानदाराने आधी पाणी प्यायला दिलं असतं. परदेशात म्हणे काही हौशी मंडळी तो घरच्या घरी बांधत होती आणि कसा बांधायचा त्याचं पुस्तकही निघालं होतं. मधुकरकडे त्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. ती तो पोथीसारखी पाटावर ठेवून वाचायचा.

जोडीदार मिळाला नझीर. रोह्याचा टीव्ही मेकॅनिक. मधुकर जितका सावकाश, तितका हा तापट. रविवारी सकाळच्या यष्टीने यायचा आणि दाराशी चप्पल काढायच्या आधी भांडण काढायचा. पण हात असा स्थिर, की तळव्यावर पाणी ठेवलं तरी सांडणार नाही. त्याचा आत्तेभाऊ आखातात. त्याने येताना खजुराच्या डब्यात घालून चिप आणली. चिप म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. काळ्या स्पंजात खोचलेली, किड्यासारखे पाय असलेली चीज. तिच्यातला बघणारा भाग तांदळाच्या कणीएवढा. नझीर म्हणाला, "ही मेली तर दुसरी नाय. भाऊ आता लवकर येत नाय."

ती मरायला फार काही लागत नव्हतं. माणसाच्या अंगात नकळत वीज साठते म्हणे, तिच्या एका चटक्याने ती जाते. म्हणून मधुकर मनगटाला तांब्याची तार बांधायचा, तिचं दुसरं टोक परसातल्या पंपाच्या लोखंडी नळाला, आणि मग कामाला बसायचा. हिरा चहा ठेवताना विचारायची, "दावं कपापर्यंत पोचतंय का?"

संगणक कंपनीच्या भंगारातला. तो आमच्या पडवीत तांदळाच्या कणगीशेजारी बसला. तिथून गच्चीवर तारांचा हा जुडगा. पण मुख्य लचांड थंडीचं. ती चिप तापली की जिथे काही नाही तिथे तिला टिकल्या दिसायला लागतात. तिला गार ठेवायला एक छोटा पंप, बादलीत बर्फाचं पाणी, आणि ते पाणी नळीने कॅमेऱ्याच्या पाठीमागून फिरवायचं. बर्फ हिरा आणायची, मच्छीबाजारातनं, कोळणींच्या टोपल्यांतला उरलेला. त्यामुळे कॅमेऱ्याला बोंबलाचा वास यायचा. आळीतली मांजरं गच्चीवर येऊन तोफेखाली रांगेत बसायची. शास्त्राची आवड असलेली मांजरं मी तेवढीच बघितली.

पहिला फोटो काढताना मी वर होतो. बघतो तर तोफेच्या तोंडावर झाकण तसंच. मी म्हटलं, अरे गाढवा, झाकण काढ. तो शांतपणे म्हणाला, "तात्या, झाकणाचाच काढतोय."

मला वाटलं, गेला कामातनं. पण त्याचं तसं गणित होतं. चिपला स्वतःचे भास होतात. कितीही गार केली तरी थोडे होतातच. म्हणून आधी झाकण लावून नुसत्या काळोखाचा फोटो घ्यायचा. त्यात जे दिसेल ते सगळे भास. मग झाकण काढून आभाळाचा घ्यायचा आणि त्यातून हे भास वजा करायचे. उरेल तो तारा. हे त्याला इतकं पटलेलं होतं की जगातल्या सगळ्या भानगडींवर त्याचं एकच औषध: वजा करा. निवडणुकीची गाडी भोंगा लावून गेली की म्हणायचा, "ह्यातनं भोंगा वजा करा, काय उरतं?" शेजारच्या जावाजावा भांडल्या की, "दोघींचा राग वजा करा, भांडण उंबऱ्याएवढं पण नाय." एकदा माझ्यावर आला. हिराला म्हणाला, "तात्यांच्या बोलण्यातनं शिव्या वजा कर काकी, माणूस सोन्यासारखा हाय."

हिरा म्हणाली, "सगळ्या नको करू. मंग काय उरायचंच नाय."

पहिल्याच हंगामात त्यांनी एक पराक्रम केला. फोटोत एक धुरकट ठिपका आला. नकाशात नाही, पुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या ताऱ्यांजवळ दिसला. म्हणजे चालणारा. नझीर म्हणाला, धूमकेतू. नझीर रोह्याहून पेढे घेऊन आला, आळीत वाटले, कोणाचं नाव द्यायचं यावर दोघं परसात भांडले. तिसऱ्या दिवशी मधुकरने कॅमेरा दुर्बिणीवर जरा फिरवून बसवला, तर तारे पडद्यावर फिरले आणि धूमकेतू होता तिथेच. खाडीची दमट हवा कॅमेऱ्याच्या डबीत शिरली होती आणि गार काचेवर तिचं दव गोठलं होतं. आमच्या खाडीचा धूमकेतू.

नझीर तोंड लपवून रोह्याला पळाला. मधुकर मात्र जिथे जिथे पेढा गेला होता त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगून आला, की धूमकेतू नव्हता, दव होतं. लोकांना काय त्याचं? त्यांना पेढा लक्षात होता. पण तो दारोदार गेला. एका म्हातारीला तीनदा समजावलं. त्या दिवसापासून मी त्याला मनातल्या मनात मानायला लागलो.

दवावर उपाय म्हणून कंपनीतल्या खोक्यांमधले निळे खडे आले. ते डबीत ठेवले की ओल पितात. पिऊन गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, परत निळे होतात. भाजायचं काम हिराकडे. डोळ्यांनी कमी दिसायचं तरी रंग तिला कळायचा. जुना तवा तिने त्यासाठी वेगळा काढला. मधुकर कामावरून आला की खालून हाक मारायची, "मधू, खडे लाजले रे. आण भाजायला."

वैशाखात जोडी उत्तरेला वर आली. दिवेलागण झाल्यावर हिराला पडद्यापुढे पाटावर बसवली. एक एक रेघ करत चित्र उतरलं आणि काळ्यावर पांढरा मोठा ठिपका आला. त्याला खेटून दुसरा. हिरा म्हणाली, "दिसली गो बाय, अरुंधती."

वरून मधुकर ओरडला, "काकी, ती अरुंधती नाय. वसिष्ठच दोन हायत. दुर्बिणीतून एकाचे दोन होतात."

"म्हणजे ऋषींची दुसरी पण हाय? आणि भटजी आमाला ह्यांच्यासारखा संसार करा म्हनले?" हिरा डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. "मंग खरी कुठं हाय?"

खरी चित्राच्या बाहेर होती. चिप तांदळाच्या कणीएवढी, तिच्यात आभाळ मावणार ते सुईच्या नेढ्याएवढं. वसिष्ठ आला की अरुंधती बाहेर. तोफ हलवली की अरुंधती आली, वसिष्ठ गेला. मधुकर म्हणाला, दोन फोटो काढून शेजारी जोडतो. हिरा म्हणाली, "जोडलेलं नको. आमी पण मिठागरात आन बाजारात आसंच केलं. हे घरात आले की मी भायेर. एका फोटोत आण."

मग दोघांनी चित्र लहान करणारं भिंग शोधायला घेतलं. जुन्या कॅमेऱ्यांची भिंगं, चष्म्याची भिंगं, एक तर कुठल्याशा सिनेमा मशीनमधलं. तोवर ढग आले. ती जोडी आता पुढच्या चैत्रापर्यंत संध्याकाळची दिसणार नव्हती. मधुकरचं तोंड उतरलं. हिरा म्हणाली, "थांबते रे. येवढी थांबले, आणखी एक पावसाळा."

पावसाळा ती थांबली. मार्गशीर्षात तापाचं निमित्त झालं, छाती भरली, दवाखान्यात नेली. परत आणली ती चौघांनी उचलून.

जिथे तिला निजवलं होतं तिथे रिवाजाप्रमाणे दिवा ठेवला. तो विझू द्यायचा नसतो. मी बसलेला असायचो, पण भिंतीकडे बघत. रात्री शिडी उतरून तेल कोण घालून जात होतं ते मला फार नंतर कळलं.

बारावं झालं, दिवा उचलला, पाहुणे गेले. काळोखात घर फार मोठं होतं. मला त्यात निजता येईना. तेव्हा परसात धुण्याच्या दगडावर, जिथे ती सकाळ-संध्याकाळ बसायची, तिथे मी शंभरचा दिवा लटकवला. दिवेलागणीला लावायचा, उजाडल्यावर घालवायचा. टोपण नाही, काही नाही, उघडा. दगड दिसत राहिला की मला बरं वाटायचं.

आळी टपून बसली होती. आता काळोख्या आणि म्हातारा यांची जुंपणार. गणपतीवाल्याने त्याला डिवचलंही, "आमच्या दिव्यांना टोप्या घातल्यास, मालकाचा दिवा दिसत नाय काय?" मधुकरने ऐकलं नाही असं केलं. गच्चीच्या उत्तरेला त्याने बांबू रोवून गोणपाटं बांधली. मी विचारलं तर म्हणाला, "वारा लागतो, तोफ हलते." वारा कुठे होता? पण मी तेव्हा कशात लक्ष घालत नव्हतो. तो शिडी उतरायचा, शेवटच्या पायरीवर थोडा थांबायचा, मग मान खाली घालून नळावर पाय धुवायला जायचा. मला वाटायचं, ह्याचेही गुडघे गेले.

खडे आता तो वर स्टोव्हवर स्वतः भाजायचा. एकदा पार करपवले.

चैत्र आला. एका रविवारी नझीर संध्याकाळपर्यंत थांबला. भिंग एकदाचं जमलं होतं. मधुकर वर तोफेपाशी, नझीर पडवीत संगणकापुढे, आणि मी उगाच कणगीला टेकून बसलो होतो. एक एक रेघ चित्र उतरलं. वसिष्ठाची जोडगोळी एका कडेला, नीट. दुसऱ्या कडेला, जिथे अरुंधती असायला हवी, तिथे नुसता पांढरा धुरळा. दूध सांडल्यासारखा.

मी म्हटलं, परत दव आलं काय?

नझीरने आवाज खाली आणला. त्याच्या स्वभावात ते बसत नाही. मग म्हणाला, "दव नाय तात्या. तुमचा दिवा. परसातला. त्याचा उजेड तोफेत शिरतो, नव्या भिंगात उलटतो आणि नेमका तिच्यावर पडतो. गोणपाटं बांधून झाली, छत्री धरून झाली. जात नाय."

"मंग मला सांगायला तोंड नव्हतं काय त्याला?"

"मी म्हटलं त्याला. नायतर संगणकात तरी वजा करू म्हटलं, जमलं तर जमलं. तर माझ्यावर असा खवळला, मी कधी बघितला नाय तसा. म्हणाला, आळीचे सगळे दिवे वजा करीन. तो दिवा वजा करायचा नाय."

वरून मधुकरचा आवाज आला, "आली काय रे?" नझीरने सांगितलं, नाय आली. "राहू दे," तो म्हणाला. "उद्या बघू."

मी उठलो. परसात गेलो. दगड दिसत होता, कोरडा. बटण भिंतीला होतं. त्यावर हात ठेवून किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मग दाबलं.

डोळ्यांपुढे काही दिसेना. दगडही नाही. आणि वरून धडपड ऐकू आली, काहीतरी पडलं, बादली असावी.

"तात्या, फ्यूज गेला काय? घाबरू नका, तिथंच उभे ऱ्हावा. मी तार घेऊन येतो."

वीज गेली की खांबाला हात जोडणारा माणूस अंधारात शिडीवरून घसरत, आपटत खाली आला. एका हातात तांबडा कागद लावलेली बॅटरी, दुसऱ्या हातात फ्यूजची तार. लेंगा बर्फाच्या पाण्याने भिजलेला. माझ्याजवळ येऊन बटणाकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

"फ्यूज नाय गेला. मी घालवलाय."

त्याने तार खिशात घातली. बॅटरी खाली केली.

"वर जा," मी म्हटलं. "तिला शब्द दिलायस ना? मंग बघत काय उभा राहिलास?"

तो गेला. मी पडवीत येऊन हिराच्या पाटावर बसलो. नझीरने बटणं दाबली. पडद्यावर वरून खाली रेघा यायला लागल्या. आधी काळं, काळं, मग वसिष्ठ, त्याला खेटलेला दुसरा. आणि बऱ्याच अंतरावर, एकाच चौकटीत, बारीक पण ठाम, अरुंधती. तीन टिंबं. मोठं काही नाही. भटजींनी बोट दाखवलं त्या अंगणापासून इथवर यायला तिला एवढा वेळ लागला. बाई गेल्यावर माझं लग्न पक्कं झालं.

मधुकर खाली आला, पडद्यासमोर वाकला, बघितलं. नझीर त्याच्या पाठीवर मारत होता, हसत होता, नाक पुसत होता. मधुकर म्हणाला, "अजून झाकणाचा एक घ्यायला पाहिजे." आणि परत वर गेला. झाकणाच्या फोटोला एवढा वेळ लागत नाही. आम्ही दोघांनी त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी जुना तवा काढला. कॅमेऱ्याच्या डबीतले खडे गुलाबी झाले होते ते आदल्या दिवशीच बघितलं होतं. चूल पेटवली, तवा ठेवला, खडे पसरले. परसातला दिवा लावला नव्हता. थोड्या वेळाने शिडी करकरली. तो उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबला, रोजच्यासारखा.

मी चुलीपुढूनच विचारलं, "काय रे, आज काय दिसलं?"

तो पायरीवर बसला आणि सांगायला लागला. कुठल्याशा ताऱ्याचं होतं, तो म्हणे हळूहळू मंदावतो आणि परत तेजाळतो, आणि का ते कोणाला नीट माहीत नाही. हातवारे करत होता. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मी तव्यावरचे खडे परतत हुंकार देत राहिलो, आणि ते एकेक करून निळे व्हायला लागले होते.